बारा मिनिटं चाळीस सेकंदांवर

नाशिकरोड,
१४ सप्टेंबर २००९

चि. शेखर आहेर यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात टर्बाइनवर तू शिकाऊ होतास तेव्हा वर्षभर तुझ्या डोक्यावर बसलेला गांगुर्डे काका तो मीच. निवृत्तीला दोन वर्षं होतील. कॉलनीतलं क्वार्टर सोडून आता जेलरोडला दोन खोल्यांत असतो, एकटाच. तुझी काकू गेल्या साली ऑगस्टमध्ये गेली, ते तुझ्या कानावर आलं असेलच.

तुझा पत्ता आपल्या पाळीतल्या सहादूनं दिला. नांदगावात तू कॉम्प्युटरचं दुकान टाकलंस असं त्यानं चिठ्ठीवर लिहून दाखवलं. हल्ली सगळे मला लिहूनच दाखवतात, कारण माझे कान पार गेलेत. फोनचा उपयोग नाही. म्हणून मीही लिहून विचारतो, तूही लिहून सांग.

आमची पल्लवी लग्न होऊन कोल्हापूरला गेली तेव्हा तिचा कॉम्प्युटर माझ्याकडं राहिला. त्याला नुसता सीडी वाचणारा ड्राइव्ह आहे. मला डीव्हीडी लिहिणारा बसवायचा आहे. मागच्या आठवड्यात शहरात जाऊन दोन दुकानं पाहिली. काउंटरवरचा माणूस भराभर बोलत होता, मी मान हलवत होतो. असं दहा मिनिटं झालं आणि मी रिकाम्या हातानं बसमध्ये बसलो. मान हलवायची ही खोड माझी जुनीच आहे.

खोक्यांवर कुठं १८, कुठं २० तर कुठं २२ आकडा होता. जास्त आकडा म्हणजे चांगला का? आतला घ्यावा की बाहेरून जोडायचा? खिशाला झेपेल असा पाहिजे, पण दगा देणारा नको. काम एकदाच करायचं आहे, ते नीट झालं पाहिजे.

तुझा,
सावळीराम गांगुर्डे


नांदगाव,
२२ सप्टेंबर २००९

ति. काकांस,
शि. सा. न.

पाकिटावरचं अक्षर पाहिलं आणि खुर्चीत आपोआप ताठ बसलो! दुकानातली गिऱ्हाइकं हसायला लागली. त्यांना काय सांगणार, की या अक्षरात माझ्या लॉगशीटवर लाल रेघ ओढली गेलीय.

ती दुपारपाळी मी विसरलेलो नाही. बेअरिंगचं तापमान दाखवणारं गेज दोन वाजता दुरुस्तीला काढून नेलं होतं, आणि मी पठ्ठ्या जागेवरून न उठता तीनचं बासष्ट आणि चारचंही बासष्ट भरून मोकळा. तुम्ही ओरडला नाहीत. हाताला धरून त्या रिकाम्या भोकापाशी नेलंत आणि म्हणालात, "इथं बासष्ट दाखव." आजही कुणाचं मशीन न उघडता बिल करावंसं वाटलं की ते भोक डोळ्यांसमोर येतं.

काकूंचं फार उशिरा कळलं. यायला हवं होतं, आलो नाही. दुकानाचं कारण सांगत नाही, तुम्ही मानणार नाही.

आता तुमचं काम. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह दुप्पट-तिप्पट महाग पडतो. घरचा कॉम्प्युटर जागचा हलणार नाही, तर आतलाच घ्या, हजार-बाराशेत येईल. आकडा म्हणजे वेग. त्याच्या नादाला लागू नका, अठरावालाही पुरेल. आधी पेटीचं झाकण काढून जुन्या ड्राइव्हला मागून कसली वायर जाते ते बघा. रुंद चपटी पट्टी आहे की बारीक गोलसर वायर? दोन्हींचे ड्राइव्ह वेगळे येतात, एकाचा दुसऱ्याला बसत नाही.

पण काका, एवढा खटाटोप कशासाठी? एखाददुसरी कॅसेट डीव्हीडीवर घ्यायची असेल तर नाशिकरोडला कुठलाही फोटो स्टुडिओ करून देईल. नाहीतर कॅसेट मला पाठवा, मी करतो.

आपला,
शेखर


नाशिकरोड,
३ ऑक्टोबर २००९

चि. शेखर यास,
अनेक आशीर्वाद.

झाकण काढलं. आत एवढी धूळ होती की आपल्या वेळी असं पॅनल कुणी ठेवलं असतं तर मी त्याला जेवायला सोडलं नसतं. ब्रशनं साफ केलं. वायर म्हणशील तर रुंद, चपटी, राखाडी पट्टी आहे, तीन बोटं भरेल.

स्टुडिओत जायचं नाही. कॅसेट पोस्टानं पाठवायची नाही. ती एकच आहे आणि घराबाहेर जाणार नाही. जावयानं दिलेल्या कॅमेऱ्यातली ती छोटी कॅसेट. बुरशी धरायला लागली आहे, चित्रावर पांढरे ठिपके येतात. तिच्यात कुसा, तुझी काकू, एका ठिकाणी काहीतरी बोलते. ते परक्या माणसानं ऐकायचं नाही. एवढंच समज आणि पुढचं सांग.

दिवस मोठे वाटतात. तुझं पत्र तीनदा वाचलं, त्यात गेजची गोष्ट दोनदा जास्त.

सावळीराम गांगुर्डे


नांदगाव,
१२ ऑक्टोबर २००९

ति. काकांस,
शि. सा. न.

चपटी पट्टी म्हणजे जुन्या पद्धतीचं. त्यातले ड्राइव्ह आता कमी येतात, म्हणून उशीर करू नका. हे पत्रच दुकानदारापुढं धरा. "चपट्या पट्टीचा, आत बसणारा डीव्हीडी रायटर, एक वर्षाची हमी, पक्कं बिल." बोलायची गरज नाही. खोकं फोडलेलं असेल तर घेऊ नका, आणि बिलावर ड्राइव्हचा नंबर घालून मागा, नाहीतर हमीच्या वेळी हात वर करतात.

कोऱ्या डीव्हीडी सुट्ट्या घेऊ नका, डबीतल्या घ्या. आणि खोक्यावर आकडा काहीही असो, लिहिताना वेग चारवर ठेवा. घाईनं लिहिलेली डिस्क दुसऱ्या प्लेअरवर अडखळते. झाली की टीव्हीच्या प्लेअरवर एकदा पूर्ण लावून बघा, मगच झाली म्हणा.

कॅमेऱ्यातून कॉम्प्युटरमध्ये घ्यायला एक लहान डबी लागते, तीही त्याच दुकानात मिळेल. तिला पिवळं, पांढरं आणि लाल अशी तीन भोकं असतात. कॅमेऱ्याच्या वायरीलाही तेच रंग. पिवळ्यातून चित्र येतं. बाकी रंगाला रंग जोडा, अगदी सोपं आहे.

दिवाळीत भाऊबीज झाली की एक दिवस येतो. चिवडा ठेवा.

आपला,
शेखर


नाशिकरोड,
२१ नोव्हेंबर २००९

चि. शेखर यास,
अनेक आशीर्वाद.

चिवडा ठेवला होता. परवा पक्ष्यांना घातला. रागावलो नाही, सणासुदीला दुकान सोडून कसं येणार.

तुझं पत्र काउंटरवर ठेवलं. मालकानं वाचलं, हसला आणि पाच मिनिटांत सगळं पुढ्यात आणून ठेवलं. आयुष्यात इतकी सरळ खरेदी कधी झाली नव्हती. ड्राइव्ह मी स्वतः बसवला, चार स्क्रू. वेग चारवरच ठेवला. पूर्ण लोडवर मशीन मीही कधी पळवलं नाही.

वायरीतली पिवळी लावली आणि लगेच चित्र आलं. पांढरी आणि लाल यांचं काम कळेना. चित्र मिळाल्यावर नको ती जोडणी कशाला, म्हणून दोन्हींना रबर लावून बाजूला ठेवल्या. डिस्क टीव्हीवर पूर्ण पाहिली, कुठं अडखळत नाही. या पत्रासोबत रजिस्टर्ड पोस्टानं पाठवतो आहे.

आता ऐक. म्हणजे तूच ऐकायचं आहे.

एप्रिल २००७, कॉलनीतली गच्ची. कुसा आणि शेजारच्या अक्काबाई वर्षाच्या मसाल्याची मिरची निवडताहेत, देठं खुडताहेत. मिरची नाकात जाते म्हणून दोघींनी तोंडावर पदर बांधलेत. मी कॅमेरा नवा शिकत होतो. बारा मिनिटं चाळीस सेकंदांवर कुसा माझ्याकडं बघून बोलते.

टर्बाइनच्या आवाजापायी कानात बोळे घाला म्हणून वरचे सांगायचे, मी घालत नसे. कान गेले तेव्हा ते लपवले. दरवर्षीच्या तपासणीत डॉक्टर बटण दाबायचे, मी त्यांचं बोट बघून हात वर करायचो. कळलं असतं तर मला टर्बाइनवरून काढून टेबलावर बसवलं असतं, आणि ते मला नको होतं. मी ओठ वाचून दिवस काढायचो. त्या दिवशी ओठ पदराखाली होते. मी नेहमीसारखी मान हलवली. कॅमेरा डोळ्याला लावलेला होता, म्हणून चित्रही तिथं दोनदा वरखाली होतं.

नोव्हेंबरात मी निवृत्त झालो. डिसेंबरात तिनं गाठ दाखवली. डॉक्टर म्हणाले, सहा महिने आधी आणायला हवं होतं. शेवटी दवाखान्यात पल्लवीनं एक्स-रेच्या पाकिटावर मला लिहून दाखवलं, "आई म्हणते तिनं तुम्हाला उन्हाळ्यातच सांगितलं होतं. तुम्ही हो म्हणालात." मी म्हटलं, मला ऐकू आलं नसेल. तिनं खाली लिहिलं, "तेव्हा तुम्ही टर्बाइनवर होतात. कान चांगले म्हणून डॉक्टरांची सही होती." त्यानंतर तिचं पत्र नाही, येणं नाही.

अक्काबाई गेल्या वर्षी वारल्या. आता विचारायला फक्त ही कॅसेट उरली आहे. ती मिरचीबद्दल बोलली की दुखण्याबद्दल, ते शब्द न शब्द लिहून कळव. काय निघेल याला मी भितो. पण न कळता राहणं आता होत नाही.

सावळीराम


नांदगाव,
१९ डिसेंबर २००९

ति. काकांस,
शि. सा. न.

उत्तराला उशीर झाला, क्षमा करा. डिस्क व्यवस्थित पोचली. तुम्ही केलेलं काम पाहून माझ्या दुकानातल्या कारागिराला लाज वाटावी, इतकं स्वच्छ आहे.

ती जागा ऐकली. काकू म्हणतात, "यंदा मिरची चांगली मिळाली. तुम्ही उन्हात उभे राहू नका, आत जा. एवढी आवरली की चहा ठेवते." मग अक्काबाई आणि त्या मिरचीच्या भावाचं बोलतात. दुखण्याचा विषय कुठंच नाही.

तेव्हा काका, मनावरचं ओझं उतरवून ठेवा. पल्लवीताईंचा काहीतरी गैरसमज झाला असेल. दवाखान्यात माणूस भलतंच बोलून जातं.

आपला,
शेखर


नाशिकरोड,
२६ डिसेंबर २००९

चि. शेखर यास,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवलो नीट. झोपलोही. दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळ घेऊन बसलो.

पदर हलतो त्यावरून ती आणि अक्काबाई मिळून जवळजवळ मिनिटभर बोलतात. तुझं वाक्य आणि मिरचीचा भाव धरून वीस सेकंद होतात. हे एक.

दुसरं, कुसा बोलायला लागते आणि अक्काबाईंचे हात थांबतात. मिरची तशीच मुठीत राहते. पुढं त्या सरकून कुसाच्या पाठीवर हात ठेवतात. चहा ठेवते म्हणणाऱ्या बाईच्या पाठीवर कुणी हात ठेवत नाही.

तिसरं, कुसानं मला उन्हात उभं राहू नका असं आयुष्यात म्हटलेलं नाही. मी टर्बाइनवर शिजून आलेला माणूस, ऊन मला काय करणार, असं ती बायकांत हसून सांगायची.

शेखर, हे बासष्ट तू कुठून आणलंस?

सावळीराम गांगुर्डे


नांदगाव,
२ जानेवारी २०१०

ति. काकांस,

याही वेळी गेज नव्हतं, काका.

तुमच्या डिस्कवर आवाजच नाही. पिवळी वायर फक्त चित्राची. आवाज पांढऱ्या आणि लाल वायरींतून येतो, त्यांना तुम्ही रबर लावून ठेवलंत. चूक तुमची नाही. रंगाला रंग जोडा एवढं लिहून मी मोकळा झालो. ज्या माणसाला आवाज आला की नाही हे कळणार नाही त्याला आवाजाची वायर कुठली ते सांगायला हवं होतं, आणि तेवढंच मी लिहिलं नाही.

डिस्क लावली तेव्हा आधी वाटलं माझे स्पीकर गेले. मग कळलं. चार आठवडे पत्र लिहायला घेत होतो आणि फाडत होतो. तुम्ही धीर करून एवढं लिहिलंत, त्यावर "आवाज नाही" असं उत्तर कसं पाठवायचं? वाटलं, मिरचीचं लिहिलं तर तुम्ही सुटाल. खुर्चीत बसून भरलं.

रविवारी, दहा तारखेला, सकाळच्या गाडीनं येतो. कॅसेटला हात लावू नका, आता ती जितक्या कमी वेळा फिरेल तितकं बरं. हेडफोन मी आणतो. जे असेल ते ऐकून, तिथंच बसून लिहीन.

शेखर


(की-बोर्डखाली ठेवलेला कागद)
जेलरोड, १० जानेवारी २०१०

काका, तुम्ही दूध आणायला गेलात. मुद्दामच गेलात ते समजलं. तिन्ही वायरी लावून कॅसेट उतरवून घेतली आहे, आवाजासकट. दोन डिस्क टेबलावर आहेत, तिसरी मी नेतो. तुमच्यासमोर बसून तुम्ही हे वाचताना बघण्याची हिंमत मला होणार नाही, म्हणून दुपारची गाडी धरतो. रीडिंग असं आहे.

१२.४०. काकू: "अहो."

१२.४३. काकू, मोठ्यानं: "अहो, इकडं बघा. माझ्या छातीत गाठ लागते हाताला. महिना झाला. दवाखान्यात जाऊ या का एकदा?"

१२.५४. चित्र दोनदा वरखाली. तुमचा आवाज: "हां, हां. छान."

१२.५८. अक्काबाई: "अगं, छान काय म्हणतात?"

१३.०१. काकू: "नाय ऐकू आलं त्यांना. ऐकूच येत नाय, अक्का. दोन वर्षं तरी झाली. त्यांना वाटतं, मला कळत नाय."

१३.११. अक्काबाई: "मग कागदावर लिहून दे."

१३.१४. काकू: "लिहून दिलं की रजा टाकून माझ्यासंगं दवाखान्यात येतील. डॉक्टर विचारतील एक, हे सांगतील दुसरं. साऱ्या कॉलनीत बोभाटा होईल. मग टर्बाइनवरून उठवून बसवतील कुठं टेबलाला. मशीनशिवाय जगायचे नाय ते. सात महिने राहिलेत. मान वर करून घरी येऊ दे, मग सांगते."

१३.३८. अक्काबाई काकूंच्या पाठीवर हात ठेवतात. तुम्ही कॅमेरा वीजकेंद्राच्या चिमण्यांकडं वळवता.

रीडिंग घेणारा,
शेखर आहेर


नाशिकरोड,
८ फेब्रुवारी २०१०

चि. शेखर यास,
अनेक आशीर्वाद.

रीडिंग मिळालं. खाली तारीख घालून सही केली. महिनाभर पत्र लिहायला बसता आलं नाही.

तिनं मला सांगितलं होतं. पल्लवीनं पाकिटावर लिहिलं ते खरं आहे. मी "छान" म्हणालो. हा शब्द आता घरात सगळीकडं दिसतो, भांडी घासतानाही दिसतो. दोन वर्षं मी समजत होतो की मी कुसाला फसवतो आहे. ती मात्र जाणून होती, आणि माझं सोंग उघडं पडू नये म्हणून स्वतःची गाठ सांभाळत सात महिने बसली. मला टर्बाइन सोडायचं नव्हतं, शेखर. एवढंच होतं ते. घरात येऊन एकदा सांगितलं असतं की कुसा, मला ऐकू येत नाही, तर काय झालं असतं? टेबलावर बसलो असतो.

दुसरी डिस्क पल्लवीला पाठवली. सोबत तुझ्या कागदाची नक्कल, माझ्या हातानं केलेली. वर लिहिलं, "तुझं बरोबर होतं. कान मी लपवले होते." तिचं उत्तर आलेलं नाही. पोस्टाची पोचपावती मात्र आली, तिच्या सहीची. ती कॉम्प्युटरला टेकवून ठेवली आहे.

ड्राइव्ह चांगला चालतो. आणखी लिहायला मात्र काही नाही.

एक रीडिंग तू दिलं नाहीस. तिचा आवाज. मला तो आठवत नाही. ती बोलायची तेव्हा ओठ बघून मी मनातल्या मनात ऐकायचो, त्यामुळे खरा आवाज कधी बंद झाला तेच कळलं नाही. आता जो मनात येतो तो तिचा की मीच बनवलेला, ते सांगता येत नाही. तू अलीकडेच ऐकलास. कसा आहे तेवढं लिही. चांगलं वाटावं म्हणून काही घालू नकोस.

सावळीराम


नांदगाव,
१५ फेब्रुवारी २०१०

ति. काकांस,
शि. सा. न.

आवाज कसा लिहायचा ते मला येत नाही. तरी दुकान बंद ठेवून डिस्क चार वेळा लावली आणि लिहीत गेलो.

थोडा जाड आहे. मिरचीनं घसा बसलेला आहे, दोनदा खोकतात. घाईनं बोलत नाहीत. वाक्य संपताना आपला आवाज खाली येतो तसा त्यांचा येत नाही, वरच राहतो, अजून काही सांगायचं बाकी असल्यासारखा. अक्काबाईंशी बोलताना मधे एकदा हसतात. "त्यांना वाटतं, मला कळत नाय" म्हणतात, तिथं.

त्या दिवशी कागदावर एक ओळ मी सोडली होती. गाळलेलं रीडिंग हेही खोटंच, म्हणून आता भरतो.

१३.५१. पडद्यावर नुसत्या चिमण्या आहेत आणि त्यांचा धूर. काकू तिसऱ्यांदा "अहो" म्हणतात. पहिलं हाक मारल्यासारखं होतं. दुसरं मोठ्यानं होतं. हे अगदी हळू आहे, हेडफोन कानाला दाबून धरला तेव्हा मिळालं. मी वाट पाहिली, पण पुढं काही बोलत नाहीत. तुम्हाला ऐकू जावं म्हणून ते नव्हतं, काका. त्या नुसतंच म्हणाल्या.

तुमचा,
शेखर